पाण्यावर उडणारे रॉकेट

सुट्टी लागली की शाळकरी मुलांच्या डोक्यात जी खुळे शिरतात, त्यांत रॉकेटचे खूळ जुने आणि चांगले आहे. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ चे उड्डाण घरोघरी पाहिले गेले, तेव्हा अनेक मुलांना आपलेही काहीतरी वर जावे असे वाटले असेल. त्यात गैर काहीच नाही. काळजी वाटते ती पुढच्या पायरीची. मूल मोबाइलवर ‘घरच्या घरी रॉकेट’ असे शोधते आणि एकाच रांगेत फुग्याचे रॉकेट, खायच्या सोड्याचे रॉकेट, काडेपेटीच्या गुलाचे रॉकेट आणि फटाके फोडून काढलेल्या दारूचे रॉकेट समोर येते. पहिल्या दोघांत आणि शेवटच्या दोघांत फरक किती आहे, हे तिथे कोणी सांगत नाही. तो फरक शेवटी सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात कळतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

२०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, विशेषतः भोपाळमध्ये, शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. कारण होते पाइप, कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी यांवर चालणारी घरगुती बंदूक. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो. तो पेटला की धडाका होतो. वायूबरोबर तयार होतो तो चुना. म्हणजे डोळ्याला एकाच वेळी भाजते आणि चुन्याने पोळते. त्यातला चुना अधिक घातक, कारण अल्कली पदार्थ बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात आत-आत झिरपत जातो. आवाज झाला नाही म्हणून नळीत डोकावणारे मूल नेमके उशिरा होणाऱ्या धडाक्याच्या तोंडी सापडते.

दारूच्या रॉकेटचा धोका थोडा वेगळा आहे. उघड्यावर टाकलेली दारू पेटवली तर ती भुर्रकन जळते आणि संपते. तीच दारू नळीत ठासली की निघालेला वायू कोंडतो, दाब वाढतो. दाब वाढला की जळण्याचा वेगही वाढतो आणि त्या वेगाने आणखी वायू होतो. हे चक्र कुठे थांबेल ते मागच्या छिद्राच्या मापावर, दारूच्या दाण्यावर आणि ती किती घट्ट बसली आहे यावर ठरते. ठासलेल्या दारूला एक तडा गेला तरी जळणारा पृष्ठभाग वाढतो आणि रॉकेटचा बॉम्ब होतो. कारखान्यात हे सगळे मोजून होते. गच्चीवर ते अंदाजाने होते. नळी धातूची असेल तर तिचे तुकडे गोळीसारखे सुटतात. काडेपेटीचे गूल तर ठासतानाच, नुसत्या घर्षणाने पेटू शकते. तेव्हा दोन्ही हात आणि चेहरा तिथेच असतात.

हा प्रश्न आजचा नाही. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतल्या मुलांना रॉकेटचे वेड लागले. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोलवुड या कोळसा खाणीच्या गावातला होमर हिकम हा त्यांतलाच एक. पुढे तो नासात अभियंता झाला आणि त्याच्या आठवणींवर ‘ऑक्टोबर स्काय’ हा चित्रपट निघाला. त्याच्या पहिल्याच प्रयोगात आईच्या बागेचे कुंपण उडाले. तो सुदैवी. त्या काळात घरी इंधन बनवताना आणि धातूच्या नळीत ठासताना अनेक मुले जायबंदी झाली.

त्यावरचा उपाय निघाला एका चपला-बुटांच्या दुकानातून. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावचे ऑरव्हिल कार्लाइल यांचे बुटांचे दुकान होते आणि शोभेच्या दारूचा छंद. भावाला व्याख्यानात दाखवायला रॉकेटचे चालते मॉडेल हवे होते म्हणून त्यांनी कागदी नळीचे, हलक्या लाकडाच्या पंखांचे, तयार दारूची कांडी बदलता येईल असे छोटे रॉकेट बनवले. व्हाइट सँड्स येथे क्षेपणास्त्रांवर काम करणारे हॅरी स्टाइन यांचा रॉकेटच्या सुरक्षिततेवरचा लेख वाचून कार्लाइल यांनी १९५७ च्या सुरुवातीला आपले नमुने त्यांच्याकडे पाठवले. स्टाइन यांच्या ध्यानात आले की मुलांना रॉकेटपासून तोडण्याची गरज नाही, इंधन बनवण्यापासून तोडले की पुरे. इंधन घरी बनवायचे नाही, धातूची नळी वापरायची नाही, वात जवळ जाऊन पेटवायची नाही, लांबून विजेच्या तारेने पेटवायची, अशी शिस्त त्यातून आली. त्याच वर्षी या छंदाची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. मुलांना न ओरडता त्यांचा छंद वाचवण्याचे इतके चांगले उदाहरण विरळाच.

आपल्याकडे तशा तयार कांड्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. स्फोटकांचा कायदा १८८४ पासून आहे आणि घरी दारू बनवणे हा त्याखाली गुन्हा आहे. पण कार्लाइल यांनी जे साधले ते त्याहून सोप्या मार्गाने साधता येते. आग वगळायची. रॉकेटला आग लागते हा समजच चुकीचा आहे. रॉकेटला लागते ती मागे जोरात फेकण्याजोगी एखादी वस्तू. ती तापलेला वायू असेल, थंड हवा असेल किंवा साधे नळाचे पाणी.

पाण्याचे रॉकेट करायला शीतपेयाची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली हवी. इथे बाटलीची निवड ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. प्यायच्या पाण्याची पातळ बाटली चालत नाही. तिला दाब सोसायचा नसतो, म्हणून ती कमी प्लॅस्टिकमध्ये बनवतात. शीतपेयाच्या बाटलीत मात्र विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब खोलीच्या तापमानाला कारच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त असतो. ओळखायची खूण तळाशी आहे. पाच पाकळ्यांसारखे पाच पाय असलेला तळ म्हणजे दाबाची बाटली. घडी पडलेली, ओरखडे असलेली, उन्हात महिनोन्‌महिने राहिलेली किंवा गरम पाण्याने धुतलेली बाटली घेऊ नये. काचेची बाटली, पत्र्याचा डबा, पीव्हीसीचा पाइप यांत हवा भरण्याचा विचारही नको. फुटल्यावर यांचे धारदार तुकडे होतात, तर शीतपेयाची बाटली बहुतेक वेळा नुसती फाटते.

बाटलीच्या तोंडात घट्ट बसेल असे निमुळते रबरी बूच लागते. शाळेच्या प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात ते मिळते. बुचाला मधोमध भोक पाडून त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवायचा. हे काम पंक्चर काढणाऱ्याकडून करून घेतलेले बरे, मुलाच्या तळहातात सुरी शिरत नाही. व्हॉल्व्हच्या आतली पिन काढून टाकायला सांगावी. त्यामुळे पंपावरचा काटा थेट बाटलीतला दाब दाखवतो आणि गरज पडली तर पंपाकडचा जोड ढिला करून लांबूनच हवा सोडता येते. पंप पायाने धरायचा उभा, काटा असलेला असावा आणि त्याची नळी बदलून चार-पाच मीटर लांबीची जाड नळी लावून घ्यावी. मूळची हातभर नळी ठेवली तर पंप मारणाऱ्याचे डोके बाटलीच्या अगदी वर येते.

या नळीसाठी काही घरांतून सलाइनची जुनी नळी पुढे येते. विज्ञान प्रदर्शनात तर वापरलेल्या सिरिंजचे जेसीबी सर्रास दिसतात. रुग्णाला लावलेली नळी किंवा सिरिंज हा जैववैद्यकीय कचरा आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो रुग्णालयाबाहेर मुलांच्या हाती जाताच कामा नये. नवी कोरी असली तरी सलाइनची नळी या दाबासाठी बनवलेली नसते.

आता शेपटी. दिवाळीतल्या बाणाला काडी का असते, हे मुलांना आधी विचारावे. काडी काढून बाण लावला तर तो कुठेही वेडावाकडा पळतो. काडीमुळे मागच्या भागावर हवेचा रेटा जास्त बसतो आणि तोंड पुढे राहते. बाटलीला हेच काम तीन किंवा चार पंख करतात. पुठ्ठा पहिल्याच उड्डाणात भिजून लोळागोळा होतो, म्हणून जुन्या फाइलचे प्लॅस्टिकचे कव्हर कापून पंख करावेत आणि रुंद चिकटपट्टीने बाटलीच्या तोंडाकडच्या बाजूला लावावेत. पंख तोंडाच्या थोडे खाली उतरले तर बाटली त्यांच्यावरच उलटी उभी राहते. वर आलेल्या तळावर अर्धा कापलेला मऊ रबरी चेंडू चिकटपट्टीने बसवला की टोक जड होते आणि बोथटही राहते. टोकदार शंकू दिसायला छान असतो, पण तो परत खाली येतो हे विसरून चालत नाही. बाटलीला भोक पाडू नये, खिळा-स्क्रू लावू नये, गरम गोंद लावू नये. पाण्याशिवायच्या तयार रॉकेटला मधोमध सुतळी बांधून डोक्याभोवती गोल फिरवावे. तोंड पुढे धरून फिरले तर ते नीट उडेल. आडवे-तिडवे गटांगळ्या खात असेल तर टोक जड करावे किंवा पंख मोठे करावेत.

बाटलीत एक तृतीयांश पाणी भरायचे, बूच ओले करून घट्ट बसवायचे, मोकळ्या मैदानात उलटी उभी करायची आणि हवा भरायची. पंक्चरवाल्याच्या भाषेत तीस पौंड, म्हणजे कारच्या टायरमध्ये असते साधारण तेवढी हवा भरली, की बुचावर सुमारे साडेसात किलोचा जोर येतो आणि ते सुटते. बूच थोडे अलीकडे-पलीकडे सुटेल, त्यात बिघडत नाही. सुटणारे बूच हाच इथला सुरक्षा झडप आहे, म्हणून ते तारेने बांधून किंवा गोंद लावून जास्त दाब साठवण्याची हुशारी करू नये. काटा चाळीसवर गेला आणि तरीही बूच हलले नाही तर पंप थांबवावा, पंपाकडचा जोड सोडून हवा जाऊ द्यावी आणि काटा शून्यावर आल्याशिवाय कोणीही जवळ जाऊ नये.

तीस पौंडांच्या दाबाने पाणी बाटलीच्या तोंडातून ताशी सुमारे ७२ किलोमीटर वेगाने सुटते. पाऊण किलोच्या आसपास वजनाच्या रॉकेटला त्या क्षणी सुमारे पंधरा किलोचा धक्का मिळतो. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साधारण अठरा पट त्वरण. सगळे पाणी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास संपते, म्हणून डोळ्याला ते उडताना दिसत नाही. आधी खाली असते आणि मग वर असते. अंतराळवीरांना उड्डाणात तीन-चार पट त्वरण सोसावे लागते. माणूस जास्तीत जास्त किती सोसू शकतो हे शोधणारा माणूस डॉक्टरच होता. अमेरिकी हवाई दलाचे जॉन स्टॅप १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेट लावलेल्या घसरगाडीवर स्वतः बसले, ताशी हजार किलोमीटरच्या वर गेले आणि दीड सेकंदाच्या आत थांबले. गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट धक्का त्यांनी सोसला. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही काळ दिसेनासे झाले, पण दृष्टी परतली. ते ८९ वर्षे जगले.

पाणीच कशाला, नुसती हवा का नको, असा प्रश्न मुले विचारतात आणि तो विचारायलाच हवा. नुसत्या हवेवरही बाटली उडते, पण फार वर जात नाही. हवा हलकी असते. ती मागे फेकून पुढे मिळणारा रेटा थोडा. पाणी हवेपेक्षा शेकडो पट जड असल्याने तेवढ्याच दाबात मोठा रेटा मिळतो. पण पाणी स्वतः उडत नाही, उडवते ती दाबलेली हवा. दाबलेली हवा म्हणजे ताणून धरलेली स्प्रिंग. बाटली पाण्याने भरून टाकली तर स्प्रिंगला जागाच उरत नाही. म्हणून एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश हवा हा व्यवहार साधारण जमतो.

हे रॉकेट भाजत नाही, पण निरुपद्रवी आहे असे मात्र नाही. धोका आहे तो डोळ्याला. डोळ्याभोवती हाडाची कड असते आणि तिचे तोंड साधारण साडेतीन-चार सेंटिमीटरचे असते. क्रिकेटचा चेंडू सात सेंटिमीटरचा असल्याने त्याचा पहिला मार बऱ्याचदा त्या कडेवर बसतो. बाटलीचे तोंड आणि बूच मात्र तीन सेंटिमीटरच्या आतले. ते हाडाला न लागता थेट नेत्रगोलावर जाऊन आदळते. म्हणून बाटलीवर वाकून पाहणे, बूच सुटले नाही म्हणून हाताने हलवणे आणि वर गेलेली बाटली झेलायला धावणे, या तीन गोष्टी सक्त बंद. हवा भरताना बाकीच्यांनी दहा मीटर लांब, बाजूला उभे राहावे. पंप मारणाऱ्या मोठ्या माणसाने आणि मुलांनीही बाजूने झाकलेला संरक्षक गॉगल घालावा. नंबरचा चष्मा त्याची जागा घेत नाही. वर विजेच्या तारा नसाव्यात, रस्ता जवळ नसावा. सोसायटीच्या गच्चीवरून तर हे करूच नये, कारण रिकामी बाटली खाली कोणाच्या डोक्यावर उतरेल ते सांगता येत नाही.

तरीही मार लागलाच तर डोळा चोळू नये, दाबू नये, त्यावर घट्ट पट्टी बांधू नये, घरातले थेंब टाकू नयेत. कागदी कपाचा तळ कापून तो डोळ्यावर टेकेल-न-टेकेल असा चिकटपट्टीने लावावा. मुलाला डोके उंच ठेवून बसवावे आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, आत रक्तस्राव होत असेल तर तो वाढतो. डोळा फुटल्याची शंका असेल तर खायला-प्यायलाही देऊ नये, भूल द्यावी लागू शकते. डोळा वरून ठीक दिसतो, वाचताही येते, म्हणून घरी थांबणारे पालक पुष्कळ. बुबुळासमोर साचलेले रक्त सुरुवातीला बारीक रेघेएवढेच असते. दृष्टिपटलाला पडलेली चीर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, डोळ्यापुढे चमकणे, काळे ठिपके तरंगणे किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे अशी कळते. काहींना काचबिंदू वर्षांनी होतो. कार्बाइड, चुना किंवा फटाक्याची दारू डोळ्यात गेली असेल तर मात्र नियम उलटा. आधी तिथेच नळाखाली पापण्या उघड्या धरून निदान पंधरा-वीस मिनिटे पाणी सोडायचे आणि मग रुग्णालय. पाणी शोधण्यात किंवा रिक्षा शोधण्यात गेलेली पाच मिनिटे डॉक्टरला परत मिळवून देता येत नाहीत.

ज्यांना मैदान नाही त्यांनी घरात फुग्याचे रॉकेट करावे. खोलीभर दोरा ताणायचा, त्यात स्ट्रॉचा तुकडा ओवायचा आणि फुगवलेला फुगा त्याला चिकटपट्टीने लावून सोडायचा. नियम तोच. लहान मुलांना हे पुरते. फक्त फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचलावेत, ते श्वासनलिकेत अडकून मुले दगावली आहेत.

मोठ्या मुलांना नुसते उडवून दोन दिवसांत कंटाळा येतो. त्यांना मोजायला लावावे. कंपासपेटीतला कोनमापक घ्यायचा, त्याच्या मध्यबिंदूला दोरा आणि दोऱ्याला खोडरबर बांधायचे. रॉकेटपासून तीस मीटरवर उभे राहून सरळ कडेवरून रॉकेटच्या सर्वोच्च जागेकडे नेम धरायचा. कोन ४५ अंश आला तर उंची तीस मीटर, अधिक मोजणाऱ्याच्या डोळ्याची उंची. ३० अंश आला तर सुमारे सतरा मीटर. दहावीचे त्रिकोणमितीचे कोष्टक पहिल्यांदाच कामाला येते. मग एकाच बाटलीत अर्धा लिटर, पाऊण लिटर, एक लिटर पाणी घालून प्रत्येकी तीन-तीन उड्डाणे करायची आणि वहीत लिहायची. बूच दर वेळी सारख्याच दाबाला सुटत नाही, त्यामुळे आकडे पुढे-मागे होतात. ते तसेच लिहायचे, सोयीचे करून लिहायचे नाहीत. मग एक तृतीयांश हा आकडा आपल्या बाटलीला लागू पडतो का, हे मुलांनीच आलेखावरून ठरवावे.

प्रत्येक उड्डाणाआधी बाटली उजेडात धरून पाहावी. प्लॅस्टिकवर पांढरट रेघ दिसली, घडी पडली किंवा ती दगडावर आपटली असेल तर ती बाद. बाद बाटलीचे तोंड कात्रीने कापूनच ती कचऱ्यात टाकावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी शेजारचे मूल तिच्यात हवा भरणार नाही.